वगळलेल्या फेऱ्या

गुलाबराव ढोले गेल्याची बातमी मला कॉलेजच्या फोनवर कळली. मी तेव्हा प्रॅक्टिकल परीक्षेच्या सामानाची यादी करत होते. भिंगं मोजून झाली होती, व्होल्टमीटर राहिले होते. पलीकडून त्यांचे जावई बोलत होते. सकाळी सावनेरच्या घरी अंगणात दात घासताना गुलाबराव खाली बसले, ते उठलेच नाहीत... डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी फोन ठेवला, जागेवर आले आणि व्होल्टमीटर मोजले. कोणी याला कोरडेपणा म्हणेल. म्हणो. वीस वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं आणि अर्धवट सोडलेली यादी त्यांना कधीच सहन झाली नाही.

आठ दिवसांनी विभागात शोकसभा झाली. भाषणं पाच झाली. कोण काय बोललं ते मी डायरीत टिपून ठेवलं आहे, कारण घरी गेल्यावर आपण ऐकलं ते खरंच ऐकलं का, अशी शंका येण्यासारखंच ते होतं. एकाने सांगितलं की ढोले कधी उशिरा आले नाहीत. दुसऱ्याने सांगितलं की ढोले कधी रजा घेत नसत. तिसऱ्याला त्यांच्या हातचा चहा आठवला. चौथा बोलत असताना माझ्या मागच्या रांगेत एक नवे प्राध्यापक शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "त्या रेडियमच्या नादानेच गेले ना?" मी मागे वळून सांगितलं, "नाही, हार्टने गेले." गुलाबरावांचा छातीवर लावायचा, अंगावर किती किरण पडले ते दाखवणारा फिल्मचा बिल्ला दर महिन्याला तपासायला जायचा आणि दर महिन्याला स्वच्छ यायचा. ती नोंदवही माझ्याकडे असते. शेवटी आमचे निवृत्त विभागप्रमुख उठले. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात, मीही तेच म्हणते. सर म्हणाले, "उपग्रहावरच्या उपकरणाचं जे काम आपल्या विभागाने केलं, त्याचे तक्ते आजही पाहावेत. ढोल्यांचं अक्षर म्हणजे मोती होते मोती."

ते अक्षर माझं होतं.

गुलाबरावांचं अक्षर इतकं वाईट होतं की त्यांनी लिहिलेली किराण्याची चिठ्ठी दुकानदार त्यांच्याकडूनच वाचून घ्यायचा. या माणसाने आयुष्यात जे एक मोठं काम केलं त्याचा शोकसभेत उच्चार झाला नाही आणि जे त्यांचं नव्हतं ते त्यांच्या फोटोला हारासारखं घातलं गेलं. मी तिथे उठून बोलायला हवं होतं, उठले नाही. न उठण्याची माझी ही दुसरी वेळ. पहिल्या वेळेबद्दल पुढे सांगते, कारण हा लेख मी त्यासाठीच लिहिते आहे.

गुलाबराव सावनेरकडच्या शेतकरी घरातले. बी.एस्सी. झाले आणि आमच्याकडे प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. मी नागपूरच्या महाल भागातली, मॅट्रिकनंतर टायपिंग शिकून विभागाची क्लार्क झालेली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं कपाट पाहिलं. प्रत्येक कप्प्यावर आत काय आहे त्याची यादी चिकटवलेली होती. ते म्हणाले, "ताई, तुमच्या कपाटाले पाहून मले भेव वाटून राहिलं. आत काही ठेवलं का पाहुण्यासारखं नाव सांगा लागते." तेव्हापासून ते माझ्या कपाटात काहीही ठेवताना आधी दारावर टकटक करायचे. अगदी शेवटपर्यंत.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी सरांना ते उपग्रहाचं काम मिळालं. दक्षिणेकडच्या एका संस्थेने उपग्रहावर एक उपकरण बसवलं होतं. त्यात सोडियम आयोडाइडचा, दिसायला तुरटीच्या तुकड्यासारखा, मुठीएवढा एक खडा होता. आकाशातून येणारे गॅमा किरण त्याच्यावर पडले की तो बारीकसा चमकायचा आणि त्या चमका मोजल्या जायच्या. उपग्रह आपल्या देशावरून जाताना हे आकडे खाली पाठवायचा. त्या प्रत्येक खेपेला आम्ही 'फेरी' म्हणायचो. आकड्यांच्या कागदी गुंडाळ्या पार्सलने नागपूरला यायच्या, मी त्या फुलस्केप कागदांवर उतरवायची, सर नजर टाकायचे, मग मी फेअर कॉपी करायची आणि गुंडाळ्या परत जायच्या. आकाश सगळीकडून मंदपणे किती उजळलेलं असतं, हे त्या तक्त्यांवरून ठरायचं होतं. तसाच एक जोडीचा खडा तुलनेसाठी आमच्या प्रयोगशाळेत ठेवला होता. तो सांभाळणं हे गुलाबरावांचं काम.

संस्थेची सूचना अशी होती की ठरल्यापेक्षा जास्त आकडा आलेली फेरी वगळावी. मी लाल पेन्सिलीने त्या ओळीवर रेघ मारायची आणि फेअर कॉपीत ती घ्यायची नाही. माझ्या फेअर कॉपीत खाडाखोड कधीच नसायची आणि मला त्याचा गर्व होता, हे कबूल करते. आमच्या विभागात आणखी एक रीत होती, तीही माझीच. फेअर कॉपी मंजूर झाली की कच्चे कागद मधोमध कापायचे, कोरी बाजू वर करून सुई-दोऱ्याने शिवायचे आणि पोरांना प्रॅक्टिकलच्या वेळी कच्च्या कामासाठी त्यांचे पॅड द्यायचे. कागदाची टंचाई असायची. सरांनी एका मीटिंगमध्ये त्याबद्दल माझं कौतुकही केलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी असे पॅड गठ्ठ्याने शिवून ठेवले.

जुलैमध्ये पहिल्या प्रॅक्टिकलला गुलाबराव बाकांमधून फिरत होते. एका पोराच्या पॅडचं पान उलटं झालं आणि त्यांना लाल रेघ मारलेली ओळ दिसली. ते तिथेच उभे राहिले. मग पुढच्या बाकावर गेले, तिथलं पान उलटवलं, मग त्याच्या पुढच्या. थोड्या वेळाने माझ्या टेबलाशी आले.

"ताई, ह्या लाल रेघा तुम्ही मारल्या ना?"

"हो. वगळलेल्या फेऱ्या आहेत त्या. का?"

"ह्या साऱ्या फेऱ्या उपग्रह चिखलातून निघाल्यावरच्या हायेत."

चिखल हा त्यांचा शब्द. दक्षिण अटलांटिक समुद्राच्या वर, ब्राझीलच्या बाजूला, पृथ्वीचं चुंबकत्व कमजोर आहे. त्यामुळे इतर ठिकाणी खूप उंचावर अडकून राहणारे वेगवान प्रोटॉन तिथे खालपर्यंत उतरतात. उपग्रह तिथून गेला की त्याला हा मारा सोसावा लागतो. तिथले आकडे बिनकामाचे असतात, हे सगळ्यांना माहीत होतं. पण गुलाबरावांचं म्हणणं वेगळं होतं. उपग्रह त्या भागातून बाहेर पडून अर्ध्याएक तासात आपल्याकडे येतो, त्या फेरीतही आकडा चढलेला असतो. तो का?

"चिखल मागे राहिला ना पण," मी म्हटलं.

"बंडी चिखलातून निघाली म्हणून चाकं कोरडी होत नाहीत, ताई. घरापर्यंत चिखल येते. आणि हे तर त्याच्याहून वंगाळ हाये. चाकाले चिखल वरून लागते. इथं चाकाचं लाकूडच बदलून राहिलं." मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. प्रोटॉन खड्यातल्या आयोडीनच्या अणूंवर आदळतात, उपग्रहाच्या धातूतून न्यूट्रॉन उडवतात, ते न्यूट्रॉनही खड्यात शिरतात. त्यातले काही अणू दुसरेच होऊन बसतात, किरणोत्सारी होतात. मग बाहेरून काही न पडताही खडा स्वतःच्या आतल्या किरणांनी चमकत राहतो आणि आपण त्या चमका आकाशाच्या नावावर लिहितो.

मी म्हटलं, "म्हणून तर त्या फेऱ्या वगळल्या ना?"

"मोठ्या वगळल्या. ज्या जराशा कमी झाल्या त्या ठेवल्या. त्या कशा चढल्या हे कसं कळंन, चढलेल्या साऱ्या तर तुम्ही कापून टाकल्या?"

माझा चेहरा पडला असणार, कारण ते लगेच म्हणाले, "तुमाले कोण म्हणून राहिलं? तुमी हुकमाप्रमाणं केलं. चला, पॅड गोळा करू."

पुढचे पंधरा दिवस त्यांनी प्रत्येक प्रॅक्टिकलला पोरांना कोरे पॅड स्वतःच्या पैशाने आणून दिले आणि माझे पॅड परत घेतले. "पोट्टेहो, जुनं द्या न् नवं न्या," असं म्हणत ते बाकांमधून भांडेवाल्यासारखे फिरायचे. पोरांना मजा वाटायची. काही पॅड संपून फेकले गेले होते. जे सापडले त्यांच्या मागे लेन्सची गणितं, मेसचा हिशेब, एकावर कोणाचं तरी चित्र. मिळाली तेवढी प्रत्येक लाल ओळ त्यांनी एका जाड वहीत उतरवली. बाजूला त्या फेरीआधी उपग्रह चिखलातून केव्हा निघाला ती वेळ. ही वेळ दाखवणारे कागद गुंडाळ्यांबरोबर यायचे आणि टोपलीत जायचे. गुलाबराव ते पहिल्यापासून उचलून ठेवत होते. का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले होते, "कागद फेकायले जीव होत नाही, आमच्या गावात कागद कुठं दिसे."

मग त्यांनी प्रयोग केला. एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलसाठी आमच्याकडे मेण भरलेल्या पिंपात न्यूट्रॉन देणारा एक स्रोत होता. एके सकाळी त्यांनी जोडीचा खडा त्या पिंपात ठेवला. जेवणाच्या सुट्टीनंतर काढला, मोजणी यंत्राला जोडला, भोवती शिशाच्या विटा रचल्या आणि समोर काहीही ठेवलं नाही. टेबलावर गजराचं घड्याळ ठेवून मला म्हणाले, "दर पाच मिन्टाले आकडा लिहा. तुमचंच अक्षर पायजे, माझं मलेच वाचता येणार नाही." मी लिहीत गेले. काहीच समोर नसताना यंत्र भराभरा मोजत होतं. पंचवीस मिनिटांनी गजर वाजला तेव्हा आकडा निम्म्यावर आला होता. आणखी पंचवीस मिनिटांनी त्याच्या निम्म्यावर. त्यांनी वही उघडून चिखलानंतरच्या फेऱ्या दाखवल्या. अर्ध्या तासावरची फेरी, चाळीस मिनिटांवरची, तासावरची. हिशेबात इतरही काही गोष्टी मिसळलेल्या होत्या, पण उतार तोच होता.

"पाहा," ते हळूच म्हणाले, "खडा सोताचंच सांगून राहिला, आभाळाचं नाही."

मला त्या क्षणी जे वाटलं ते नेमकं लिहिता येत नाही. मी क्लार्क आहे. पण एवढं कळत होतं की या खोलीत जे आत्ता घडलं ते माझ्या मोत्यासारख्या तक्त्यांत कुठेही नाही आणि ते नाही, याला माझी लाल पेन्सिल कारण आहे.

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन सरांकडे गेले. मी पत्रांवर सह्या घ्यायला आतच उभी होते. सरांनी वही उघडली, दोन पानं पाहिली आणि मिटली. "हे काय आहे? वाचता तरी येतं का?" गुलाबराव सांगू लागले. सांगताना ते सावनेरचं बोलायचे, शुद्ध बोलायच्या नादात अडखळण्यापेक्षा तेच बरं असं त्यांना वाटायचं. सर मध्येच म्हणाले, "ढोले, जोडीचा खडा तुम्ही परवानगीशिवाय न्यूट्रॉनमध्ये घातलात. तो संस्थेचा आहे. हे मी लेखी घेतलं तर काय होईल, माहीत आहे? तुमचं काम उपकरणं सांभाळणं. अर्थ आम्ही लावू." गुलाबराव म्हणाले, "खडा संध्याकाळपर्यंत जसा होता तसा झाला, सर. त्याले काही झालं नाही." सरांनी माझ्याकडे हात केला, "सह्या कुठे करायच्या?" मी कागद पुढे केले.

परवानगी घेतली नव्हती, ही चूक होतीच. मी ती लपवत नाही. पण परवानगी न घेतल्याने खड्यातलं आयोडीन खोटं बोलत नाही. सरांना तो हिशेब समजत नव्हता असंही नाही. ते हुशार होते. त्यांचा अहवाल संस्थेकडे गेलेला होता, खाली सही झालेली होती आणि चूक दाखवणारा माणूस चतुर्थ श्रेणीच्या एकच पायरी वर होता. याच माणसाने इंग्रजीत, टाय लावून सांगितलं असतं तर सरांनी खुर्ची दिली असती. मी वीस वर्षं हाच विभाग पाहते आहे, म्हणून खात्रीने लिहिते.

काही महिन्यांनी आमच्याकडे परिसंवाद झाला. संस्थेतून एक पाहुणे शास्त्रज्ञ आले होते. सर तक्ते दाखवत होते आणि गुलाबराव स्लाइडचं यंत्र चालवत होते. सकाळी त्यांनी ती वही माझ्याजवळ दिली होती. "राहू द्या तुमच्या पर्समध्ये. लागली तर लागली." मी शेवटच्या रांगेत बसले होते. बोलणं संपत आलं तेव्हा पाहुण्यांनी इंग्रजीत विचारलं की अटलांटिकच्या त्या भागातून बाहेर पडल्यावर आकडे हळूहळू उतरताना तुम्हाला दिसले का, कारण खड्यातच किरणोत्सार निर्माण होत असेल अशी आम्हाला शंका आहे. सर म्हणाले, "आमच्या तक्त्यांत तसं काही आढळत नाही." हे वाक्य खरं होतं. माझ्या तक्त्यांत तसं काही नव्हतंच, मी ते कापून पॅड शिवले होते.

तेवढ्यात यंत्रामागून गुलाबरावांचा आवाज आला. "यस सर, आहे. ट्वेंटी-फाइव्ह मिनिट्स."

सभागृह मागे वळलं. पाहुणेही वळले. कोण बोललं ते त्यांना अंधारात दिसलं नसावं. सर म्हणाले, "ढोले, पुढची स्लाइड."

वही माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होती. मधली वाट मोकळी होती. पाहुण्यांपर्यंत बारा-पंधरा पावलं असतील. मी उठले नाही. नोकरीचा विचार आला, घरच्यांचा आला, सगळ्यांसमोर काय बोलायचं याचा आला आणि या सगळ्यात पुढची स्लाइड पडद्यावर लागली. ती माझ्याच फेअर कॉपीची होती, एकही खाडाखोड नसलेली... गुलाबरावांनी ती लावली, नीट फोकस केली आणि पंख्याचं बटण बंद केलं, कारण पडदा हलत होता.

संध्याकाळी मी वही त्यांना परत दिली. त्यानंतर ते विषय काढत नसत. वर्षा-दोन वर्षांनी बोटीने उशिरा येणारं एक परदेशी नियतकालिक ग्रंथालयातून घेऊन ते माझ्या टेबलाशी आले. कोणीतरी असाच खडा आकाशात नेऊन परत आणला होता, प्रयोगशाळेत ठेवून मोजला होता आणि तो स्वतःहून किरण सोडताना सापडला होता. आलेख छापलेला होता.

"पाहा ताई. त्यांचा खडा घरी आला. आपला वरच फिरून राहिला."

"तुम्हाला राग नाही येत?"

"येते ना. पण राग आला का माझं अक्षर अजून खराब होते."

मी हसले. मग नियतकालिक परत करताना ते दारात थांबले आणि म्हणाले, "एकच वाटते. आपली वही कोणी वाचली असती, तर त्याईनं निदान म्हटलं असतं, नागपूरलेही दिसलं होतं." त्यांनी या विषयावर मागितलेलं एवढंच. बढती नको होती, सत्कार नको होता. आपण पाहिलेलं कोणीतरी वाचावं, बस.

तेराव्याला मी सावनेरला गेले. शांताबाईंनी, त्यांच्या पत्नीने, कपाटातून ती वही काढली. खताच्या पिशवीचा कागद कापून तिला कव्हर घातलेलं होतं. "मंगलाताईले दे म्हणत होते," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, तुमीच द्या ना, रोज भेटता. तं म्हणे, दारावर टकटक करा लागते." आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या की रडल्या, मला कळलं नाही.

मी वही आमच्या ग्रंथालयात दिली. ग्रंथपालांनी चार पानं उलटली आणि अगदी चांगल्या मनाने म्हणाले, "मंगलाताई, हे कोणाला वाचता येणार? तुम्हीच जरा फेअर करून द्या ना. तुमच्या अक्षरात किती छान दिसेल."

मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी दमले आहे. मी म्हटलं, वही अशीच राहील. लाल ओळींसकट, खोडलेल्या वेळांसकट, लेन्सच्या गणितावरून उतरवून घेतलेल्या आकड्यांसकट. ज्याला जाणून घ्यायचं आहे तो डोळे ताणून वाचेल. ग्रंथालयाच्या नोंदवहीत लेखकाच्या रकान्यात 'गुलाबराव ढोले' असं मी माझ्यासमोर लिहून घेतलं.

एकच भर घातली. वहीच्या शेवटी कोरी पानं होती. त्यांवर मी यादी केली. मला आठवल्या त्या आणि सापडल्या त्या सगळ्या लाल फेऱ्या, क्रमाने. जिथे कागद फेकला गेला तिथे 'पॅड मिळाला नाही' असं लिहिलं. त्याखाली: 'वरील फेऱ्या मी वगळल्या. गुलाबरावांनी त्या परत आणल्या.' मग सही केली, पूर्ण नावाने, माझ्या चांगल्या अक्षरात.